प्रसूतीचा भार कोणी सोसावा? मुंबईतील प्रसूतिभत्ता आणि कामगार विमा

अपत्यजन्माच्या वेळी कामकरी स्त्रीवर दुहेरी आर्थिक भार पडतो. एकीकडे सुईण, औषधोपचार व पोषण यांचा खर्च वाढतो, तर दुसरीकडे नेमक्या त्याच आठवड्यांत तिची मजुरी बंद होते. हा भार कोणी सोसावा, या प्रश्नाला भारतातील कामगार कायद्यांनी दोन भिन्न उत्तरे दिली: प्रथम मालकाचे दायित्व आणि नंतर सामाजिक विमा. या दोहोंतील भेद केवळ हिशेबाचा नव्हता. स्त्रीला काम मिळणे वा न मिळणे हेही त्यावर अवलंबून होते.

१९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतिसाहाय्य सार्वजनिक निधीतून अथवा विमापद्धतीने द्यावे, असा संकेत ठरविला. भारताने त्यास मान्यता दिली नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडलेले विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. त्यानंतर आसवले यांचे विधेयक मुंबईच्या कायदेकौन्सिलात आले. २८ जुलै १९२८ रोजी त्यास पाठिंबा देताना डॉ. भीमराव आंबेडकर यांनी एक महत्त्वाचा विवेक केला. मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे असल्याने हा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. तथापि स्त्रियांच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकास या जबाबदारीतून सर्वस्वी मुक्त करता येणार नाही, असेही त्यांनी प्रतिपादिले.

१९२९ च्या मुंबई अधिनियमाने कारखान्यातील स्त्रीस दररोज आठ आणे भत्ता देऊ केला. मध्य प्रांताने १९३० मध्ये हाच मार्ग अनुसरला. परंतु भत्त्याची संपूर्ण रक्कम त्या त्या मालकाच्या तिजोरीतून जावयाची असल्यामुळे प्रत्येक विवाहित तरुण स्त्री ही त्याच्या दृष्टीने संभाव्य खर्चाची बाब ठरली. गरोदरपणाची पहिली चिन्हे दिसताच स्त्रियांना कामावरून दूर करणे, अथवा अविवाहित मुली, विधवा व प्रौढ स्त्रिया यांनाच काम देणे, असे प्रकार रेगे समितीच्या १९४६ च्या अहवालात नमूद आहेत. गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटण्यास रात्रपाळीवरील बंदी, यंत्रांची पुनर्रचना इत्यादी अन्य कारणेही होती. त्या ऱ्हासाचे खापर एकट्या भत्त्यावर फोडणे युक्त नव्हे.

या दोषावर उपाय विम्याच्या तत्त्वातच होता. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सादर केली. तिचे परीक्षण करणाऱ्या स्टॅक व राव या तज्ज्ञांनी प्रसूतिभत्त्याचाही तीत अंतर्भाव सुचविला. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने बारा आठवड्यांपर्यंत दररोज बारा आणे भत्ता ठरविला व वैद्यकीय मदतीचीही तरतूद केली. १९५४ साली ही योजना नागपूर व मुंबई येथे लागू झाली. मालकाची वर्गणी एकूण मजुरीवर आकारली जात असल्याने स्त्री कामगार ठेवल्याने वा न ठेवल्याने त्याच्या खर्चात भेद पडेनासा झाला. हेच या योजनेचे मर्म होय.

विम्याचे हे तत्त्व ऐच्छिक विम्यात मात्र टिकत नाही. अपत्यप्राप्तीची अपेक्षा असणारेच असा विमा घेऊ लागले, तर हप्ता खर्चाच्या जवळ जाऊन पोहोचतो. १९८६ साली सुरू झालेल्या मेडिक्लेम योजनेतून प्रसूती वगळण्यात आली, ती याच अडचणीची साक्ष होय. जेथे वर्गणी सक्तीची व सर्वांची असते, तेथेच हा भार खऱ्या अर्थाने वाटला जातो.

१९६१ च्या प्रसूतिलाभ अधिनियमाने विम्याच्या कक्षेबाहेरील स्त्रियांसाठी मालकाचेच दायित्व कायम ठेवले. २०१७ मध्ये रजेची मुदत पहिल्या दोन अपत्यांसाठी बारांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली आणि त्याबरोबर मालकावरील भारही वाढला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी नांदतात. सारांश, लाभाचा काळ वाढला तरी तो कोणाच्या खर्चाने द्यावयाचा, हा १९२८ चा प्रश्न अर्धाच सुटला आहे; आणि जोवर एकट्या मालकाकडे बोट दाखविले जाईल, तोवर त्याची किंमत काम न मिळालेली स्त्रीच मोजत राहील.