टीसीपीतील गर्दी-नियंत्रण
सामाईक दुव्याची क्षमता अनेक संगणकांत वाटली जावी यासाठी टीसीपी प्रोटोकॉलमध्ये असलेली यंत्रणा. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार या जेमतेम ४०० यार्डांवरच्या स्थळांमधील वेग गर्दीमुळे सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला : पोचपावत्या येत राहिल्या तर वेग हळूहळू वाढवायचा, पॅकेट हरवले की निम्म्यावर आणायचा. हा संयम टोकाच्या संगणकांतील वाहतूक स्तरात असतो. खालचा आयपी स्तर पॅकेटे नुसती पुढे धाडतो; ती का हरवली हे सांगत नाही. त्यामुळे वायफायच्या लहरींत बिघडून गळालेले पॅकेटही टीसीपीला गर्दीचेच लक्षण वाटते. क्षमतेच्या वाटपातला समन्यायही जोडणीपुरताच, म्हणजे तसा लंगडाच : चार जोडण्या उघडणारा ब्राउझर एका जोडणीवाल्याच्या साधारण चौपट वाटा उचलतो.