पर्सिस्टंट सिस्टिम्स

संगणकाच्या आज्ञावलींची, म्हणजेच सॉफ्टवेअरची, निर्मिती करणारी व माहिती-तंत्रज्ञानविषयक सेवा पुरविणारी महाराष्ट्रातील एक प्रमुख कंपनी. तिची स्थापना मे १९९० मध्ये पुणे येथे झाली. मुख्य कार्यालय पुण्यातील सेनापती बापट मार्गावर ‘भगीरथ’ या वास्तूत असून नागपूर, गोवा, हैदराबाद इ. ठिकाणी, तसेच अमेरिका व यूरोपमध्ये तिची केंद्रे आहेत. इतर कंपन्या जी आज्ञावली स्वतःच्या नावाने बाजारात विकतात, ती त्यांच्यासाठी घडवून देणे, हे या कंपनीच्या वाढीचे सूत्र होय. घडविणारा एक आणि मालक दुसरा, ही त्या सूत्रातील अडचणही तिच्या इतिहासात वारंवार पुढे आलेली दिसते.

पार्श्वभूमी : १९८० नंतरच्या दशकात भारतीय आज्ञावली-उद्योगाचा मोठा भाग अभियंत्यांना परदेशी ग्राहकाच्या कचेरीत पाठवून त्यांच्या श्रमाचे मोल घेण्यावर आधारलेला होता. संगणकांची आयात परवान्यांनी जखडलेली होती आणि परदेशाशी संदेशवहनाच्या सोयी अपुऱ्या होत्या. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेली इन्फोसिस ही कंपनी १९८३ मध्ये बंगळूरला गेली. तथापि शहरात तज्ञतेची परंपरा रुजत होती. टाटा उद्योगसमूहाचे संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र १९८१ मध्ये, तर प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) १९८८ मध्ये येथे सुरू झाले. सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. विद्यापीठ व अभियांत्रिकी महाविद्यालये यांमुळे शिक्षित मनुष्यबळ उपलब्ध होते. केंद्र शासनाने आज्ञावली-तंत्रज्ञान उद्यानांची योजना आखली, तेव्हा प्रारंभीच्या तीन केंद्रांत बंगळूर व भुवनेश्वर यांबरोबर पुण्याचा समावेश झाला. या उद्यानांनी उपग्रहाद्वारे संदेशवहनाची सोय पुरविली. निर्यातीवरील नफ्यास मिळणारी आयकराची सवलत मार्च २०११ पर्यंत चालू होती.

स्थापना व कार्यपद्धती : संस्थापक आनंद देशपांडे यांनी खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून पदवी घेतली व अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. काही काळ ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करून ते मायदेशी परतले. त्यांचे वडील सुरेश देशपांडे हेही कंपनीच्या प्रवर्तकांपैकी होत. कंपनीचे प्रारंभीचे क्षेत्र माहितीसंचयाचे, म्हणजे डेटाबेसचे, होते. आज्ञावली चालून संपली, तरी जी माहिती नष्ट न होता टिकून राहते, तिला या शास्त्राच्या परिभाषेत ‘पर्सिस्टंट’ म्हणतात.

सर्वसाधारण सेवा-कंपनी बँक वा कारखाना यांच्या अंतर्गत कारभारासाठी आज्ञावली लिहून देते. पर्सिस्टंटचे ग्राहक मात्र मुख्यतः स्वतःच आज्ञावलींचे उत्पादक होते. त्यांच्या उत्पादनाचा आराखडा, लेखन, चाचण्या, निरनिराळ्या संगणकांवर ते चालेल अशी जुळणी आणि जुन्या आवृत्त्यांची देखभाल ही कामे पुण्यातील गट करीत. कॅलिफोर्निया व पुणे यांच्या घड्याळांत सु. साडेबारा ते साडेतेरा तासांचे अंतर असल्याने तेथे सायंकाळी सोपविलेले काम दुसऱ्या सकाळपर्यंत तपासून परत जाऊ शके. या पद्धतीत केवळ मनुष्यसंख्येपेक्षा विषयाच्या सखोल ज्ञानाला अधिक किंमत आली व अभियंत्यांना परदेशी न जाता उत्पादननिर्मितीचा अनुभव मिळाला. परंतु ग्राहकाचे भांडवल आटले, की कामही आटे, हा धोका तिच्यात होताच.

विस्तार : २००५ मध्ये नॉर्वेस्ट व गेब्रियल या अमेरिकन साहसवित्त संस्थांनी कंपनीत भांडवल गुंतविले. त्याच वर्षी गोव्यातील कंट्रोलनेट व २०११ मध्ये नागपूर येथील इन्फोस्पेक्ट्रम या कंपन्या तिने ताब्यात घेतल्या. एप्रिल २०१० मध्ये तिच्या भागांची नोंदणी मुंबई व राष्ट्रीय शेअरबाजारांत झाली. प्रत्येक भागाची विक्रीची किंमत ३१० रु. होती. २००९–१० या वर्षी तिचे उत्पन्न सु. ६०१ कोटी रु. होते.

मालकीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून कंपनीने काही उत्पादने स्वतःकडे घेतली. ह्यूलेट-पॅकार्डचे ‘रेडिया’ व सिट्रिक्सचे ‘क्लाउडप्लॅटफॉर्म’ ही त्यांपैकी होत. त्यांच्या विक्रीसाठी ‘ॲक्सेलराइट’ हा स्वतंत्र विभाग होता. २०१६ मध्ये आयबीएमशी करार होऊन त्या कंपनीच्या काही उत्पादनांच्या विकासाची जबाबदारीही तिने स्वीकारली. पण मूळ मालकाने सोडलेल्या उत्पादनाचा ग्राहकवर्ग बहुधा घटता असतो. त्यामुळे हा मार्ग वाढीचा मुख्य आधार होऊ शकला नाही. २०२० मध्ये संदीप कालरा मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्यानंतर बँका, आरोग्यसेवा इ. क्षेत्रांतील सेवांवर व मेघ-संगणनावर भर देण्यात आला. वार्षिक उत्पन्नाने २०२२–२३ मध्ये १०० कोटी डॉलरची मर्यादा ओलांडली; २०२४–२५ मध्ये ते सु. ११,९०० कोटी रु. झाले. मार्च २०२५ मध्ये कर्मचारीवर्ग २४ हजारांहून अधिक होता.

मूल्यमापन : महानगरी उद्योगसमूहाच्या पाठबळाशिवाय, एका विशिष्ट शास्त्रीय विषयाच्या बळावर, प्रादेशिक कंपनी आंतरराष्ट्रीय बाजारपेठेत उभी राहू शकते, हे पर्सिस्टंटने दाखवून दिले. पुण्याबरोबर नागपूर व गोव्यातील तंत्रज्ञांनाही तिच्यामुळे आपल्या भागात राहून उच्च दर्जाचे काम करता आले. मात्र तिच्या अभियंत्यांनी घडविलेल्या आज्ञावली जगभर मुख्यतः इतरांच्या नावाने वापरल्या गेल्या. स्वतःच्या नावाचे जगन्मान्य उत्पादन निर्माण करण्याचे आव्हान भारतीय आज्ञावली-उद्योगाच्या बऱ्याच मोठ्या भागाप्रमाणे तिच्यापुढेही राहिले आहे.