कव्वाल एकच ओळ पुन्हा पुन्हा का गातो? समजून घ्या सूफींची ‘समा’ परंपरा

दर्ग्यात कव्वाली ऐकली असेल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. कव्वाल मध्येच एका ओळीवर थांबतो आणि तीच ओळ कितीतरी वेळ गात राहतो. असं का?

समा म्हणजे काय?

समा या अरबी शब्दाचा अर्थ ‘ऐकणं’. सूफींच्या चिश्ती सिलसिल्यात, म्हणजे गुरुपरंपरेत, ऐकणं हीच साधना मानली जाते. ऐकता ऐकता ईश्वराचं स्मरण व्हावं आणि मीपणा विसरावा, हा हेतू. या तल्लीन अवस्थेला ‘हाल’ म्हणतात. एखाद्या ओळीवर श्रोत्याची अशी अवस्था झाली, तर ती ओसरेपर्यंत कव्वालाने तीच ओळ गायची, असा संकेत आहे. म्हणजे मैफल पुढे कधी सरकणार, हे श्रोत्यावर ठरतं.

दिल्लीतले संत कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांचं १२३५ मध्ये अशाच अवस्थेत, फारसी शेर ऐकताना निधन झालं, असं चिश्ती परंपरा सांगते.

याला विरोध झाला का?

हो. अनेक उलेमांना धर्मात संगीत मान्य नव्हतं. नक्शबंदी हा सूफी सिलसिलाही मूक जपावर भर देतो. गियासुद्दीन तुघलकाच्या काळात (१३२० ते १३२५) निजामुद्दीन औलिया यांना सुलतानासमोर, उलेमांच्या सभेत समाची बाजू मांडावी लागली. समा मात्र थांबली नाही.

निजामुद्दीन यांच्या स्वतःच्या अटीही कडक होत्या. गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याच्या मनात ईश्वर असावा, शब्द अश्लील नसावेत आणि वाद्यं नसावीत. आज मात्र हार्मोनियम आणि ढोलक कव्वालीचा भागच झाले आहेत.

महाराष्ट्रात समा कशी आली?

निजामुद्दीन यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दिल्लीहून दौलताबादला आले. समाची त्यांना विशेष ओढ होती. १३३७ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचा दर्गा जवळच खुलदाबादला आहे.

सिनेमात आणि स्टेजवर दाद गायकाला मिळते. दर्ग्यात गाणं ऐकणाऱ्यासाठी असतं. पुढच्या वेळी दर्ग्यातल्या कव्वालीचा व्हिडिओ समोर आला, तर समोर बसलेल्या श्रोत्यांकडेही बघा.