मेश कापताना हिशोब कोण ठेवतं?

गेल्या वर्षी माझे दोन महिने एका कापण्यापायी गेले. काम साधं होतं. बसाल्टच्या नमुन्याचा सीटी स्कॅन, त्यातल्या एका पोकळीची मेश, म्हणजे त्रिकोणांची जाळी, आणि ती कापून वरच्या व खालच्या भागाचं घनफळ काढायचं. दोन्ही भागांची बेरीज पूर्ण पोकळीएवढी आली. ऑयलरचं सूत्रही जुळलं. तरी उत्तरं चुकीची होती! का, हे कळायला मला पन्नास वर्षं मागे जावं लागलं.

आधी ते सूत्र बघू. ऑयलरने १७५० मध्ये गोल्डबाखला पत्रातून कळवलं होतं, की साध्या बंद घनाकृतीत शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठं बरोबर २. घन घ्या: ८ − १२ + ६ = २.

आता १९७२ मध्ये येऊ. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत ब्रूस बॉमगार्ट हा विद्यार्थी कॅमेऱ्यातून वस्तू ओळखणाऱ्या यंत्रासाठी घनाकृती संगणकात साठवत होता. नुसती बिंदूंची यादी ठेवली तर कोणाशेजारी कोण आहे हे दर वेळी शोधत बसावं लागतं. त्याने हिशोबाची वही कडेच्या हाती दिली. प्रत्येक कडेजवळ तिचे दोन शिरोबिंदू, दोन बाजूंची दोन पृष्ठं आणि चार शेजारी कडा, एवढी नोंद. त्या चार कडा पंखांसारख्या, म्हणून नाव पडलं 'विंग्ड एज'.

याचा खरा फायदा कापताना होतो. कड मध्येच तोडली की एक बिंदू आणि एक कड वाढते: ९ − १३ + ६ = २. पृष्ठावर रेघ मारून त्याचे दोन केले की एक कड आणि एक पृष्ठ वाढतं: ८ − १३ + ७ = २. अशा छोट्या पायऱ्यांनी कापत गेलात तर हिशोब कधीच बिघडत नाही. त्याच काळात केंब्रिजमध्ये इयन ब्रेड 'बिल्ड' या प्रणालीत घनाकृती जोडण्या-वजा करण्याचं काम करत होता.

पण आरपार कापून दोन तुकडे वेगळे केले तर? घनाच्या दोन पेट्या होतात: १६ − २४ + १२ = ४. बरोबरच आहे, दोन वस्तू, प्रत्येकी २. आता कापलेल्या जागी झाकणं लावायला विसरलात, तर १६ − २४ + १० = २. म्हणजे दोन उघड्या पेट्या आणि एक अखंड घन, दोघांचं उत्तर एकच! मी २ बघून खूश झाले होते.

घनफळाचंही तेच. संगणक प्रत्येक त्रिकोण मूळबिंदूशी जोडून चतुष्फलक करतो आणि त्यांची चिन्हासकट बेरीज घेतो. मेश बंद असेल तर मूळबिंदू कुठेही असो, उत्तर तेच येतं. उघडी असेल तर ते मूळबिंदूनुसार बदलतं. दोन अर्ध्यांच्या चुका सारख्याच, पण उलट चिन्हाच्या, म्हणून बेरीज मात्र चोख. माझ्या पहिल्या नमुन्यात कापाचं प्रतल नेमकं मूळबिंदूतून जात होतं, त्यामुळे ती चूक शून्य होती आणि अर्ध्यांची उत्तरंही खरी आली. दुसऱ्या नमुन्यात प्रतल सरकलं आणि सगळं घसरलं.

'कापून उरलेली वस्तू भरीवच असली पाहिजे' हा आग्रह गणिती भाषेत मांडला तो १९७० च्या दशकात रोचेस्टर विद्यापीठातल्या रेक्विचा आणि व्होलकर यांनी. वजाबाकीनंतर लोंबणारं पृष्ठ किंवा सुटी कड उरता कामा नये, अशी त्यांची व्याख्या. झाकण विसरणं या व्याख्येत बसतच नाही.

तरी एक अडचण उरते. प्रतल एखाद्या बिंदूच्या अगदी जवळून गेलं तर तो बिंदू वर, खाली की प्रतलावरच? दशांशाच्या गोलाबेरजेमुळे एकाच जागेबद्दलचे दोन हिशोब एकमेकांशी जुळत नाहीत आणि भेग पडते. ब्लेंडरमध्ये यावर अचूक अंकगणित वापरणारा बूलियनचा पर्याय आला तो २०२० मध्ये, २.९१ आवृत्तीत. त्याआधी २०१२ च्या २.६३ आवृत्तीत त्यांना मेशची आतली वहीच बदलावी लागली होती, कारण जुन्या रचनेत पृष्ठाला तीन किंवा चारच बाजू चालायच्या. कापताना तयार होणारं पाच बाजूंचं पृष्ठ तिथे नोंदवताच येत नव्हतं.

तुम्ही संशोधनात मेश कापणार असाल तर दोन तपासण्या लगेच करा. एक, प्रत्येक कडेला बरोबर दोन पृष्ठं आहेत का? दोन, प्रत्येक तुकडा अख्खा कुठेतरी लांब सरकवा आणि घनफळ पुन्हा काढा. बदललं, तर मेश कुठेतरी उघडी आहे किंवा काही त्रिकोणांची दिशा उलटी आहे. दुसऱ्या तपासणीला मला दहा मिनिटं लागली. दोन महिन्यांनंतर.