सजीव भूमिकाखेळ

सजीव भूमिकाखेळ अर्थात लार्प हा असा खेळप्रकार आहे, ज्यात सहभागी व्यक्ती काल्पनिक पात्रे धारण करतात आणि त्या पात्रांप्रमाणे प्रत्यक्ष बोलून, चालून व वागून कथा घडवतात. ‘लाइव्ह ॲक्शन रोल-प्लेइंग’ या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांपासून ‘लार्प’ हा शब्द तयार झाला. विज्ञानकथा, भयकथा, इतिहास अशा अनेक विषयांवर हे खेळ रचले जातात. तथापि तलवारी, जादू व राक्षस यांनी भरलेले अद्भुतरम्य विश्व हा त्यांचा सर्वाधिक परिचित प्रकार होय. प्रस्तुत लेखात मुख्यतः ब्रिटनमधील अशा सप्ताहअखेरीच्या खेळांचा विचार केला आहे.

स्वरूप

सजीव भूमिकाखेळ नाटकासारखा भासत असला तरी त्यात लिखित संवाद नसतात आणि प्रेक्षकही नसतात. आयोजक विश्वाची पार्श्वभूमी, नियम व काही प्रसंग पुरवतात. पुढे काय घडेल हे खेळाडूंच्या निर्णयांवर अवलंबून राहते. त्यामुळे नवोदिताला अभिनयाचे शिक्षण असावे लागत नाही. आपण आणि आपले पात्र यांतील सीमारेषा ओळखणे हे त्याहून महत्त्वाचे कौशल्य मानले जाते. पात्र शत्रूशी वैर धरते, खेळाडू मात्र समोरच्या खेळाडूला इजा होणार नाही याची काळजी घेतो. खेळाचे बहुतेक नियम याच भेदावर आधारलेले आहेत.

इतिहास

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळण्याचा भूमिकाखेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील साहसे प्रत्यक्ष अनुभवण्याच्या इच्छेतून अनेक सजीव खेळ निर्माण झाले. अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरात १९७७ मध्ये ‘डॅगोरहिर’ हा फोमच्या शस्त्रांनी लढण्याचा खेळ सुरू झाला.

ब्रिटनमध्ये १९८२ साली चेशायर परगण्यातील पेकफर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झाला. हा किल्ला मध्ययुगीन नसून एकोणिसाव्या शतकात मध्ययुगीन शैलीत बांधलेला आहे. हा उपक्रम अल्पजीवी ठरला. परंतु तेथे खेळलेल्या विद्यार्थ्यांमुळे खेळ विद्यापीठांत पोहोचला आणि डरहॅम विद्यापीठातील संघाने ‘ट्रेझर ट्रॅप’ हे नावही जतन केले. १९९० च्या दशकापासून उघड्या मैदानांवर तंबू ठोकून होणारे मोठे मेळे प्रचारात आले. २०१३ मध्ये सुरू झालेला ‘एम्पायर’ हा त्यांपैकी एक प्रमुख खेळ आहे. जर्मनीतील ‘ड्राखेनफेस्ट’ आणि ‘कॉन्क्वेस्ट’ हे मेळे हजारो खेळाडूंच्या सहभागासाठी प्रसिद्ध आहेत.

सप्ताहअखेरीची रचना

खेळाडू सामान्यतः शुक्रवारी मैदानावर पोहोचून नोंदणी करतात, तंबू उभारतात व शस्त्रांची तपासणी करून घेतात. ‘टाइम इन’ अशी घोषणा झाल्यावर खेळ सुरू होतो आणि ‘टाइम आउट’ झाल्यावर थांबतो. दरम्यानच्या काळात लढायांखेरीज वाटाघाटी, व्यापार, धार्मिक विधी, कारस्थाने, मेजवान्या असे बरेच काही चालते. लढण्याची आवड नसलेली व्यक्ती वैद्य, व्यापारी, पुरोहित किंवा मुत्सद्दी म्हणून संपूर्ण सप्ताहअखेर रमू शकते.

शत्रुसैनिक व राक्षस यांच्या भूमिका स्वयंसेवक करतात. काही खेळांत प्रत्येक खेळाडूने काही काळ ही बाजू सांभाळावी अशी अपेक्षा असते. नवोदिताला ती विशेष उपयुक्त ठरते. पोशाख आयोजकांकडून मिळतो, स्वतःचे पात्र धोक्यात नसते आणि लढाईचे नियम पाहत पाहत शिकता येतात.

नवोदितांची सुरुवात

प्रत्येक खेळाचे नियमपुस्तक स्वतंत्र असते. ते आधी वाचले जाते. मात्र संपूर्ण पाठांतराची आवश्यकता नसते. प्रहार, जखम, उपचार व खेळ थांबवण्याच्या घोषणा एवढा भाग पक्का असणे पुरेसे ठरते.

पहिले पात्र साधे असलेले बरे. त्याला काय हवे आहे, कशाची भीती वाटते आणि तो कोणत्या गटाशी निष्ठा राखतो, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार असली की संभाषण सुरू करता येते. अनेक पानांचा पूर्वेतिहास लिहून आलेल्या खेळाडूला तो ऐकवण्याची संधी क्वचितच मिळते. दूरच्या खेड्यातून नुकताच आलेला तरुण हे पात्र नवोदिताला सोयीचे असते, कारण त्याचे अज्ञान पात्राला शोभून दिसते.

पोशाखावर आरंभीच मोठा खर्च करणे आवश्यक नसते. सैल अंगरखा, साधी गडद विजार, कमरपट्टा, लोकरीचा झगा आणि घोट्याला आधार देणारे मजबूत बूट इतके साहित्य पुरते. जीन्स व चमकदार खेळाचे बूट यांमुळे मात्र कल्पनाविश्वाचा आभास मोडतो. ब्रिटनमधील पाऊस व रात्रीची थंडी लक्षात घेता कोरडे मोजे, उबदार झोपण्याची पिशवी आणि पिण्याचे पाणी यांचे महत्त्व तलवारीपेक्षा अधिक आहे. पहिल्या खेळासाठी शस्त्र उसने वा भाड्याने घेणे सोयीचे पडते.

शस्त्रे व सुरक्षितता

लार्पच्या शस्त्राच्या मध्यभागी बहुधा काचतंतूचा दांडा असतो. त्याभोवती फोमचे थर आणि वर लेटेक्सचा लेप असतो. दांडा टोकापर्यंत नेला जात नाही. तरीही खुपसण्यासाठी खास न बनवलेल्या शस्त्राने भोसकण्यास मनाई असते, कारण आतील दांडा फोम फाडून बाहेर येण्याचा धोका असतो. प्रहार हलक्या हाताने करावा लागतो आणि डोक्यावर मारण्यास साधारणपणे बंदी असते. लेटेक्सचे शस्त्र टोकावर उभे ठेवल्यास टोक खराब होते. म्हणून ते आडवे किंवा टांगून ठेवतात.

कोणी खरोखर जखमी झाल्यास ‘मॅन डाउन’ अशी आरोळी दिली जाते. ती ऐकताच आसपासची लढाई थांबते. खेळातील वेदनेचे किंचाळणे आणि खरी वेदना बाहेरून सारखीच ऐकू येते; म्हणून या शब्दांचा वापर गंमत म्हणून कधीही केला जात नाही.

भावनिक परिणाम

अनेक खेळांत घायाळ पात्राला काही मिनिटांत उपचार न मिळाल्यास ते कायमचे मरते. वर्षानुवर्षे जपलेले पात्र असे गेल्यास खेळाडूला खरे दुःख होऊ शकते. पात्राच्या भावना खेळाडूत, किंवा खेळाडूच्या भावना पात्रात पाझरण्याला ‘ब्लीड’ म्हणतात. नॉर्डिक देशांतील लार्प परंपरेत या विषयाची विशेष चर्चा झाली आहे. प्रसंग सौम्य करण्यासाठी किंवा तत्काळ थांबवण्यासाठी ठरावीक शब्द वापरण्याची पद्धतही तेथे रूढ आहे. खेळ संपल्यावर प्रतिस्पर्ध्यासोबत बसून घडलेल्या प्रसंगांविषयी बोलणे हा ताण निवळण्याचा सोपा मार्ग समजला जातो. खेळात विश्वासघात करणाऱ्या पात्रामागचा खेळाडू विश्वासघातकी नसतो, हे नवोदिताला बहुधा अशा संभाषणातूनच उमगते.

शिक्षणातील उपयोग

डेन्मार्कमधील होब्रो येथे २००६ साली सुरू झालेल्या ऑस्टरस्कोव्ह या निवासी शाळेत नेहमीचे शालेय विषय भूमिकाखेळांच्या माध्यमातून शिकवले जातात. दुसऱ्याच्या भूमिकेतून विचार करणे, तडजोड घडवणे व अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे यांचा सराव अशा खेळांत मिळतो.