एकोणिसाव्या शतकातील गृहशिक्षण: काही विचार

आपल्याकडील शिक्षणाचा इतिहास बहुतांशी शाळांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. शाळा केव्हा निघाली, कोणी काढली, तीत किती मुले होती, याचे कागद सरकारी दप्तरात जपून राहतात. घरात जे शिकविले जाते त्याचे दप्तर कोणी ठेवीत नाही. मद्रासचे गव्हर्नर सर टॉमस मन्रो यांनी १८२२ साली आरंभिलेली पाहणी हा या बाबतीत एक अपवाद होय. मद्रास शहरात पाठशाळांत जाणारी मुले सुमारे ५,५०० आणि घरी शिकणारी २६ हजारांवर, असा आकडा त्या पाहणीत आला. हा आकडा काहीसा चुकला असावा, अशी शंका खुद्द मन्रो यांनीच १८२६ च्या आपल्या टिपणात नमूद केली आहे. तथापि घरगुती शिक्षण जमेस धरल्यावाचून शिकलेल्यांचा अंदाज करता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

महाराष्ट्रातील जुन्या भिक्षुक व कुलकर्णी घराण्यांत मुलग्याचे शिक्षण दिनक्रमातच मुरलेले असे. दिवेलागणीस परवचा म्हणावयाचा; पाढ्यांमागून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि मग स्तोत्रे. धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचे आणि हात बसला की वडिलांशेजारी बसून मोडी कागदांची नक्कल करावयाची. वतनाचे काम शिकविण्यास निराळा वर्ग नव्हता. बाप जमाखर्च लिहीत असे, मुलगा पाहत असे, आणि एके दिवशी लेखणी त्याच्या हाती येत असे. शिक्षण सहज व्हावे असे म्हणणाऱ्यांस याहून चांगले उदाहरण सापडावयाचे नाही.

परंतु त्याच दिव्याच्या उजेडात त्या मुलाची बहीणही बसलेली असे. स्तोत्रे तिलाही पाठ होत. जात्यावरच्या ओव्या, व्रतांच्या कहाण्या आणि पुराणातल्या कथा तिच्या कानी पडतच असत. धूळपाटी मात्र तिच्यापुढे येत नसे. शिकलेल्या स्त्रीस वैधव्य येते, ही समजूत घरोघरी होती. ज्या घराने मुलग्यास न शिकविता शिकविले, त्याच घराने मुलीस जाणूनबुजून अडविले. म्हणून एकोणिसाव्या शतकात ज्या स्त्रिया घरी शिकल्या त्यांचे शिक्षण दिनक्रमात न होता दिनक्रमाच्या फटींत झाले, असे म्हणावे लागते.

पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस आपले गुरू संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पुण्यास पाहिले आणि आपल्या पत्नीसही शिकवावे असे मनात घेतले. प्रथम पत्नीच्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांच्या विरोधापुढे त्यांचे काही चालले नाही. पुढे लक्ष्मीबाईंशी विवाह झाल्यावर मात्र त्यांनी गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले आणि तेथे त्यांना शिकविले. यासाठी त्यांना धर्मपंडितांपुढे जाबही द्यावा लागला. शिकविण्यासाठी घर हवे होते, पण ते एकत्र कुटुंबापासून दूर हवे होते! १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला आणि काही महिन्यांतच कुटुंब तीर्थाटनास निघाले. मुलगी आठ वर्षांची होईतो शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते. म्हणून शिकविण्याचे काम आईकडे आले. लक्ष्मीबाईंना दिवसा सवड कोठून असणार? घरकामास लागण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात, त्या मुलीस उठवून पाठ देत. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले तिचे विद्यापीठ एवढेच होते.

रमाबाई रानडे यांना घराबाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्या न्यायमूर्तींच्या भरल्या घरात आल्या आणि पतीने त्यांचे अक्षरज्ञान स्वतः सुरू केले. सासरच्या वडील स्त्रियांना हे रुचले नाही. त्यांची बोलणी, अबोला आणि टोमणे यांचे जे वर्णन १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात आहे, ते मला त्या काळच्या कित्येक शैक्षणिक अहवालांपेक्षा अधिक मोलाचे वाटते. न्यायमूर्तींचा सल्ला उलट न बोलता सोसण्याचा होता. बाहेर सुधारणेची व्याख्याने होत असताना घरातील लढा असा मुकाट्याने चालला होता, आणि सोसण्याचा वाटा सारा शिकणारीचा होता.

पतीने शिकविले म्हणजे ते प्रेमानेच शिकविले, असा समज चरित्रकारांनी पुष्कळदा करून घेतला आहे. आनंदीबाई जोशी मिशनच्या शाळेत काही काळ गेल्या, तरी त्यांचे खरे शिक्षक गोपाळराव. नऊ-दहा वर्षांच्या पत्नीस अभ्यासासाठी त्यांनी मारले, तिच्या अंगावर वस्तू फेकल्या, याची आठवण आनंदीबाईंनी अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या पत्रात स्पष्टपणे दिली आहे. आणि हे वागणे चांगले की वाईट असे विचारल्यास ते दोन्हीही होते, असा अभिप्राय दिला आहे. काशीबाई कानिटकर यांनी १८८९ साली त्यांचे चरित्र लिहिले. शाळेचे तोंड न पाहता सासरच्यांच्या नजरेआड काशीबाईही वाचावयास शिकल्या होत्या. एका घरी शिकलेल्या स्त्रीचे चरित्र दुसरीने लिहावे, हा योगायोग म्हणता येणार नाही. त्या शिक्षणाची किंमत तिच्याइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक होती?

१८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना पदवी मिळाली, त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यास वारल्या. त्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीचे रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात प्रसिद्ध झाले. त्याची अर्पणपत्रिका लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या नावे असून तीत आईच्या शिकविण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.