ओहायोच्या प्रवाहातील एकाकी होडी
1875 च्या डिसेंबरात अमेरिकन प्रवासलेखक नॅथॅनियल बिशप यांनी पिट्सबर्गहून ओहायो नदीत जी होडी सोडली, ती ‘स्नीक-बॉक्स’ म्हणजे न्यू जर्सीच्या खाडीत बदकांच्या शिकारीसाठी दबा धरून बसता यावे म्हणून घडवलेली, जेमतेम 12 फूट लांबीची, उथळ आणि वरून जवळजवळ पूर्ण झाकलेली नौका होती. तिच्या मधोमध असलेल्या चौकोनी तोंडावर रात्री झाकण ओढले की तीच मुक्कामाची खोली होई. वल्ही, शिधा आणि अंथरूण यांच्यामध्ये अंग सामावेल एवढीच जागा उरे. ही नदी निर्जन मुळीच नव्हती, कारण कोळशाने भरलेल्या तराफ्यांचे तांडे ढकलत नेणाऱ्या आगबोटी आणि घरासारख्या खोपट्या बांधलेल्या ‘शँटीबोटी’ यांची तेथे सतत ये-जा असे, आणि हिवाळ्यात वाहत्या बर्फाचीही त्यात भर पडे. म्हणूनच या प्रवासाचे खरे मोल अंतरापेक्षा निरीक्षणात आहे: महामार्ग बनलेल्या नदीकडे पाण्याच्या पातळीवरून पाहण्याची ही दृष्टी आगबोटीच्या उंच सज्ज्यावरील प्रवाशाला लाभणे शक्य नव्हते. ओहायो, मिसिसिपी आणि पुढे मेक्सिकोच्या आखाताचा किनारा असा प्रवास करून बिशप फ्लोरिडात पोहोचले. या प्रवासाचे त्यांनी लिहिलेले वृत्तान्तपर पुस्तक 1879 मध्ये प्रसिद्ध झाले.